शेडनेटमधल्या २१२ कुंड्यांची नावं तपासायचं काम

१६ जून २०२४

आजपासून हे लिहून ठेवते आहे. मार्च महिन्यात अमरावतीच्या एका ताईंना मी मॉन्स्टेराची, म्हणजे भोकं असलेल्या पानांच्या शोभेच्या वेलाची, रुजलेली कटिंग पार्सल केली होती, टॅगवर 'ऑब्लिका' हे त्यातल्या महाग जातीचं नाव लिहिलं होतं आणि १८०० रुपये घेतले होते. काल रात्री त्यांचा मेसेज आला, सोबत चार फोटो, पानाचा, पानाच्या मागच्या बाजूचा, देठाचा, आणि खाली लिहिलं होतं की ताई हे ऑब्लिका नाही, साधं अडान्सोनी आहे. रागावून काहीच लिहिलं नव्हतं त्यांनी, म्हणूनच मला जास्त लागलं. मी स्वतः ते झाड ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ऑब्लिका म्हणूनच महाग घेतलं होतं, त्यानं जे लिहून दिलं तेच मी पुढे लिहिलं. पण ताईंनी पैसे मला दिले होते, त्या विक्रेत्याला नाही. सकाळी उठल्या उठल्या १५०० रुपये परत पाठवले आणि सांगितलं की झाड तुमच्याकडेच राहू द्या, अडान्सोनीची किंमत तेवढी ३०० ठेवली आहे.

मग दिवसभर डोक्यात तेच. माझ्याकडे अजून किती कुंड्यांवर दुसऱ्याचं सांगणं लिहिलेलं आहे? ठरवलं की दिवाळीच्या आधी नेटमधली, म्हणजे माझ्या नर्सरीच्या हिरव्या शेडनेटखालची, एकूण एक कुंडी हातात घ्यायची, नाव तपासायचं, आणि तपासून झाल्याशिवाय ती विकायची नाही.

१८ जून

मोजणी झाली. २१२ कुंड्या, त्यावर ६१ वेगवेगळी नावं. त्यातल्या ४० च्या वर टॅगवर अक्षरच उरलं नाही. मार्करनं लिहिलं होतं, पक्कं म्हणून घेतलेला मार्कर, पण आपल्या इकडचा मे महिना हिरव्या नेटखालीसुद्धा काही ठेवत नाही, ४५-४६ डिग्रीत शाई पांढरी पडून गेली. गंमत अशी की मागच्या वर्षी पोराच्या साध्या एचबी पेन्सिलनं लिहिलेले पाच-सहा टॅग जसेच्या तसे आहेत. म्हणजे यापुढे पेन्सिलच. प्लास्टिकच्या पट्टीवर आधी पॉलिश पेपर हलका फिरवून घ्यायचा, मग पेन्सिल नीट धरते.

टॅगवर तीन गोष्टी लिहिणार. वरच्या ओळीत विकणाऱ्यानं काय नाव दिलं, खालच्या ओळीत मी तपासून काय ठरवलं, आणि मागच्या बाजूला तारीख. जिथे ठरत नाही तिथे सरळ 'नक्की नाही' लिहायचं.

२१ जून

काल रात्री पहिला चांगला पाऊस झाला. नेटमध्ये मातीचा वास आणि चिखल. सुरुवात मनीप्लांटपासून केली कारण तेच सगळ्यात जास्त, ७४ कुंड्या.

आपल्याकडे लोंबणारं, बदामी पानाचं काहीही असलं की ते मनीप्लांट. गावातल्या बाया येतात, फिलोडेंड्रॉनकडे बोट दाखवून "हे मनीप्लांट केवढ्याचं जी" विचारतात, आणि मीही इतके दिवस हो म्हणून देत होते. खरं मनीप्लांट म्हणजे पोथॉस, एपिप्रेम्नम ऑरियम. त्याच्या शेजारी ठेवलेलं हार्टलीफ फिलोडेंड्रॉन हे वेगळ्याच वंशातलं. दोन्ही कुंड्या मांडीवर घेऊन बसले आणि पानाच्या आधी देठ पाहिला. पोथॉसच्या देठाला वरच्या बाजूनं एक पन्हाळ असते, नख घातलं तर नख त्यात बसतं. फिलोडेंड्रॉनचा देठ जवळजवळ गोल, बोटात फिरवला तर सारखा फिरतो. मग नवीन पान कसं निघतं ते पाहिलं. पोथॉसचं नवं पान आधीच्या पानाच्या देठातूनच गुंडाळी सोडत बाहेर येतं, तर फिलोडेंड्रॉनचं नवं पान एका वेगळ्या पातळ आवरणात झाकलेलं असतं, पान उघडलं की ते आवरण सुकतं, तपकिरी होतं आणि कागदासारखं खोडाला चिकटून राहतं किंवा गळतं. मुळांचंही तसंच, पोथॉसला प्रत्येक गाठीवर एखादं जाड बोंडासारखं मूळ, फिलोडेंड्रॉनला बारीक बारीक चार-पाच. पान तर शेवटी पाहिलं तरी चालतं. पोथॉसचं जाड, थोडं खडबडीत, मेण लावल्यासारखं. दुसऱ्याचं पातळ, मऊ आणि बदामाची खाच खोल.

७४ पैकी १९ पोथॉस नव्हतेच.

नावाचा घोळ आपलाच आहे असं नाही. या वेलाला १८८० मध्ये पोथॉस ऑरियस म्हटलं, नंतर त्याला सिंडॅप्सस केलं, मग रॅफिडोफोरा, आणि १९६४ मध्ये ते एपिप्रेम्नम झालं. या वेलाचं पोथॉस हे नाव शास्त्रातून कधीचंच गेलं पण लोकांच्या तोंडी राहिलं. इतकी वर्षं ठरत नव्हतं याचं एक कारण म्हणजे हे झाड जवळजवळ फुलतच नाही. या कुळातल्या झाडांची ओळख शेवटी फुलावर आणि बीवर पटते. मूळचं फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोओरिया बेटावरचं, आता अख्ख्या जगात, पण फूल नाही. २०१६ मध्ये संशोधकांनी कारण दाखवलं, जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणाऱ्या एका जीनमध्ये बिघाड आहे, आणि ते बाहेरून फवारलं तर झाडाला फूल आणता आलं. म्हणजे माझ्याकडचे सगळे मनीप्लांट बियांनी नाही तर कटिंगनीच पिढ्यान् पिढ्या आलेले. आईकडून लेकीकडे, शेजारणीकडून शेजारणीकडे, एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत. हे वाचल्यापासून कटिंग तोडताना हात जरा हळू चालतो माझा.

२४ जून

निऑन पोथॉस आणि लेमन लाइम फिलोडेंड्रॉन. दोन्ही पोपटी, दोन्ही लोंबणारे, आणि माझ्याकडे दोन्ही एकाच ट्रेमध्ये एकाच नावानं. देठावरून १५ मिनिटांत वेगळे झाले.

सॅटिन पोथॉस नावाचं जे मखमली पानाचं, चांदीचे ठिपके असलेलं विकतात ते पोथॉस नाही, ते सिंडॅप्सस पिक्टस. एपिप्रेम्नम आणि सिंडॅप्सस हे दोन वंश बीजकोषातल्या बीजांडांच्या संख्येवर वेगळे करतात, सिंडॅप्ससमध्ये एकच. आपल्याला ते कुठे दिसणार, पण पान हातात घेतलं की कळतं, हे जाड, कोरडं, मखमलीसारखं लागतं.

एक गोष्ट इथे लिहून ठेवायलाच पाहिजे. साध्या हिरव्या फिलोडेंड्रॉनची एक कुंडी मी 'सिल्व्हर' म्हणून वेगळी काढली होती, पानांवर चांदीसारखे डाग होते. आज ओल्या फडक्याला लिंबू लावून पुसलं तर डाग निघून गेले. आमच्या बोअरच्या पाण्याचा क्षार. आता कोणतीही चांदी लिहायच्या आधी पान पुसून पाहायचं.

५ जुलै

ऑब्लिका. ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं.

माझ्याकडे ऑब्लिका लिहिलेल्या ६ कुंड्या होत्या. सहाही अडान्सोनी निघाल्या. मला आतून माहीतच होतं पण तरी एकेक पान उजेडासमोर धरून पाहिलं.

मॉन्स्टेरा अडान्सोनीच्या पानाला भोकं असतात पण भोकांपेक्षा पान जास्त असतं. भोकाच्या आणि कडेच्या मधे चांगली रुंद पट्टी राहते, पान हातात घेतलं की त्याचा जाडपणा लागतो, शिरा थोड्या उठलेल्या असतात. ऑब्लिकाचं पान कागदासारखं पातळ. पेरू देशातल्या ज्या ऑब्लिकासाठी लोक वेडे होतात त्याच्यात तर पानापेक्षा भोकंच जास्त, नुसती शिरांची जाळी उरल्यासारखी. आणि ते झाड स्टोलन सोडतं, म्हणजे बिनपानाचा लांब धागा जमिनीवरून पुढे पळतो आणि दुसरीकडे नवीन झाड धरतं. त्यात आणखी एक फसवं आहे, ऑब्लिकाची काही रूपं अशी आहेत की पानाला एकही भोक नसतं. म्हणजे 'भोकं मोठी म्हणून ऑब्लिका' हा हिशोबच चुकीचा. मॉन्स्टेरा वंशाचा मोठा अभ्यास मायकेल मॅडिसन यांनी १९७७ मध्ये छापला, त्यात हे दोन वेगळे दाखवले आहेत, तरी आजही ४७ वर्षांनी बाजारात अडान्सोनीला ऑब्लिका म्हणून विकणं चालूच आहे, कारण नाव बदललं की किंमत पाच-सहा पट होते.

अजून एक गोष्ट मला आधीच सुचायला पाहिजे होती. ऑब्लिकाला सतत दमट हवा लागते, लोक ते काचेच्या पेटीत वाढवतात. माझ्या या सहा कुंड्यांनी एप्रिल आणि मे मोर्शी तालुक्यात, नेटखाली, दुपारच्या झळांत काढला, फक्त शेजारी कूलर आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. कडा जळल्या पण जगल्या. खरं ऑब्लिका असतं तर तिसऱ्या दिवशी गेलं असतं. झाडच सांगून राहिलं होतं, मी ऐकत नव्हते.

सहाही टॅग बदलले. वरच्या ओळीत 'ऑब्लिका म्हणून आलं', खाली 'अडान्सोनी'. किंमत ३००.

९ जुलै

मामाजी, म्हणजे माझे सासरे, संत्र्याच्या कलमा बांधतात. त्यांची ४० वर्षं त्यातच गेली. शेंदुरजना घाटकडे कलमांच्या मोठ्या नर्सऱ्या आहेत, तिथेही त्यांनी तरुणपणी काम केलं. आज ते नेटमध्ये येऊन बाजेवर बसले आणि मी पानं उजेडासमोर धरून पाहते आहे ते बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "पानाच्या नादी नको लागू सूनबाई. पान उन्हानं बदलते, पाण्यानं बदलते. बुड पाह्य, डेट पाह्य. उभा राहून कलम पाह्यणारा फसते."

मी विचारलं, "तुम्ही कधी फसले का मामाजी?"

मग त्यांनी ते सांगितलं जे मी १२ वर्षांत या घरात ऐकलं नव्हतं. खालच्या वावरात, जिथे काळी भारी जमीन आहे आणि पाणी थांबतं, तिथे लावायला त्यांच्या वडिलांनी रंगपूर लिंबाच्या खुंटावरच्या, म्हणजे खाली रंगपूरचं मूळ आणि वर संत्रं अशा, ३०० कलमा घेतल्या होत्या. तशा जमिनीत जंभेरी या दुसऱ्या लिंबाचा खुंट लवकर डिंक्यानं, म्हणजे बुडाशी डिंक येण्याच्या रोगानं, जातो, रंगपूर त्यामानानं तग धरते, म्हणून मुद्दाम रंगपूर. विकणाऱ्यानं रंगपूरच सांगितलं होतं. संत्र्याला बहार यायला पाच-सहा वर्षं लागतात, तोपर्यंत घरातलं सगळं त्या झाडांत गेलेलं. सहाव्या वर्षी बुडाशी डिंक यायला लागला. एकेक करून निम्मी झाडं गेली. कोणीतरी जाणकारानं मुळं पाहून सांगितलं की हे जंभेरी आहे. "डोळा संत्र्याचाच होता, खोटं काई नव्हतं वरून," मामाजी म्हणाले. "वरून सारं खरंच होतं."

त्यानंतर ते काही बोलले नाही. मीही नाही बोलले. चहा आणून दिला.

२० जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. नेटमध्ये शेवाळ. मोठ्या मॉन्स्टेरांचं काम.

'स्प्लिट लीफ फिलोडेंड्रॉन' लिहिलेल्या ३ कुंड्या. त्यातल्या दोन मॉन्स्टेरा डेलिसिओसा. हे नाव जुन्या दिवसांतलं आहे, लहान डेलिसिओसाला फिलोडेंड्रॉन पर्ट्युसम म्हणून विकायचे तेव्हापासूनचं. तिसरी कुंडी मात्र वेगळीच, जिला सगळे सेलोम म्हणतात ती, कडा खोल कापलेल्या पण पानात आत एकही भोक नाही, आणि उभं खोड ज्याच्यावर गळलेल्या पानांच्या डोळ्यासारख्या खुणा राहतात. ते २०१८ पर्यंत फिलोडेंड्रॉनमध्येच होतं, आता थॉमॅटोफिलम.

मग 'मिनी मॉन्स्टेरा'. तेच झाड माझ्याकडे आणखी एका टॅगवर 'फिलोडेंड्रॉन जिनी' म्हणून, दोन वेगळ्या ठिकाणांहून दोन वेगळ्या भावात घेतलेलं. ते मॉन्स्टेराही नाही, फिलोडेंड्रॉनही नाही. रॅफिडोफोरा टेट्रास्पर्मा, दक्षिण थायलंड आणि मलेशियाचं. मॉन्स्टेरा तर सगळे अमेरिका खंडातले. दोघं समुद्राच्या दोन टोकांना वाढलेले आणि पान एकसारखं, म्हणून मामाजी म्हणतात ते खरं, पानावर जाऊ नये. दोन्ही कुंड्या शेजारी ठेवल्या, टॅग एकच केला.

बोर्सिगियानाबद्दल. लोक विचारतात की ताई हे डेलिसिओसा की बोर्सिगियाना. हे वेगळं झाड नाही, डेलिसिओसाचंच लहान, लांब पेरांचं, भराभर चढणारं रूप, शास्त्रात ते नाव आता धरत नाहीत. मोठ्या रूपाच्या पानाच्या आणि देठाच्या सांध्यावर झालरीसारख्या चुण्या येतात, पण झाड जुनं झाल्यावर. दोन वर्षांच्या झाडावर चुण्या नाहीत म्हणून कोणी पैसे कमी-जास्त करू नये. मी टॅगवर फक्त डेलिसिओसा लिहिते आणि पेर किती लांब ते सांगते.

३ ऑगस्ट

नऊ कुंड्या सडून गेल्या. सगळ्या रसाळ पानांच्या. नेटच्या त्या कोपऱ्यात प्लास्टिक टाकायला उशीर झाला. आता २०३.

जेड. आपल्याकडे जेड म्हणून जे लहान गोल पानाचं, लालसर काडीचं झाड घरोघर आहे ते बहुतेक वेळा पोर्टुलाकेरिया आफ्रा असतं, खरं जेड म्हणजे क्रासुला ओव्हाटा, त्याचं पान अंगठ्याएवढं किंवा मोठं, आणि खोड जाड, हिरवट-राखाडी. माझ्या ११ जेडपैकी १० पोर्टुलाकेरिया. मला स्वतःला तेच जास्त आवडतं, दोन्ही दक्षिण आफ्रिकेचे पण आपल्या उन्हात हेच चांगलं उभं राहतं, आणि फांदी मोडून लावली की लागतं. फक्त नाव खरं लिहायचं.

झेब्र्यासारखे पट्टे असलेले हावर्थिया. टॅगवर सगळीकडे फॅसिआटा. पानाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं, खडबडीत लागलं तर अटेन्युएटा, गुळगुळीत लागलं तर फॅसिआटा. ७ कुंड्या, सातही खडबडीत.

'लकी बांबू' २. बांबू नाही, ड्रॅसीना. हे ग्राहकांना माहीत असतं तरी लिहून ठेवलं.

१४ ऑगस्ट

आज मन खराब झालं. दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन दुकानातून ३२०० रुपयांना 'पिंक प्रिन्सेस' फिलोडेंड्रॉन घेतलं होतं, आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला ह्यांनी दिलेल्या पैशातून. आलं तेव्हा चार पानं गुलाबी, सरसकट गुलाबी, देठापासून टोकापर्यंत. पुढच्या पाच-सहा महिन्यांत जे पान आलं ते हिरवं, मग पुढचं हिरवं, आणि मी खत बदललं, जागा बदलली, कूलरजवळ नेलं, कूलरपासून दूर नेलं, उजेड वाढवला, सगळं माझंच चुकतंय असं धरून चालले होते. ते पिंक प्रिन्सेस नव्हतंच. ते 'पिंक काँगो' म्हणून विकतात ते, ज्याच्या पानाला रसायनाची प्रक्रिया देऊन काही महिन्यांपुरता गुलाबी रंग आणतात. तो रंग झाडाचा नाहीच, तो संपला की झाड साधं हिरवं, आणि कितीही कापा, परत येत नाही.

खऱ्या पिंक प्रिन्सेसचा गुलाबी रंग प्रत्येक पानावर सरसकट नसतो. गडद, जवळजवळ काळसर हिरव्या पानावर शिंतोडे, तुकडे, कधी अर्धं पान गुलाबी अर्धं काळं. तेही हिरवं होऊ शकतं, पण मग मागे जिथे गुलाबी पट्टा खोडावर दिसतो तिथपर्यंत कापलं तर पुन्हा गुलाबी फूट यायची आशा असते. म्हणजे घेताना खोड पाहायचं. खोडावर गुलाबी रेघ आहे का. मी पान पाहून घेतलं होतं.

ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "हिरवं आहे तं हिरवं राहू दे, झाड तं चांगलं आहे ना." झाड खरंच चांगलं आहे, १४ पानं आहेत. टॅग बदलला. विकणार नाही.

त्याच दिवशी तिन्ही पांढरे फिलोडेंड्रॉन पण करून टाकले. व्हाइट नाइटचं खोड आणि देठ लालसर-जांभळट, व्हाइट विझार्डचं हिरवं, व्हाइट प्रिन्सेसचं पान लांबट-बारीक आणि देठावर हलकी गुलाबी झाक. माझी नाइट लिहिलेली एकमेव कुंडी विझार्ड आहे.

१ सप्टेंबर

उद्या पोळा. सकाळपासून बैलांच्या शिंगांना रंग, घरभर बेगड आणि झुली, त्यामुळे आज फक्त पट्ट्या कापल्या. जुन्या पांढऱ्या बादलीच्या. पोरानं आणि भाचीनं मिळून २५० कापल्या, टोकं तिरपी केली. कोल्ड ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर खिळ्यानं दाबून लिहिलं तर अक्षर उठतं आणि वर्षानुवर्षं जात नाही, तशा ३० पट्ट्या ज्या झाडांचं नाव पक्कं आहे त्यांच्यासाठी.

१५ सप्टेंबर

आज एक गोष्ट वेगळी करून ठेवते, नाहीतर पुढे घोळ होईल. चुकीचं नाव वेगळं आणि जुनं नाव वेगळं.

स्नेक प्लांटला सगळे सॅन्सेव्हिएरिया म्हणत होते, आता त्याला ड्रॅसीनात घेतलं आहे. कॅलाथिया म्हणून आपण ज्या विकतो त्यातल्या बऱ्याच २०१२ पासून गोपर्टिया आहेत. पण कोणी ग्राहक कॅलाथिया म्हणून आला तर तो चुकला नाही, त्याला हवं ते झाड मी देऊ शकते. म्हणून टॅगवर लोकांच्या तोंडचं नाव मोठं आणि नवीन नाव खाली लहान. ऑब्लिका-अडान्सोनीसारखं जिथे झाडच दुसरं आहे, तिथे मात्र ते चुकीचं नाव झाडाचं नाव म्हणून ठेवायचं नाही.

अलोकेसिया अमेझॉनिका हे तिसऱ्याच प्रकारचं. नाव वाचून मला वाटायचं अमेझॉनच्या जंगलातलं. अलोकेसिया आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडच्या, अमेझॉनमध्ये नाहीतच. १९५० च्या दशकात मायामीत एका नर्सरीवाल्यानं हा संकर केला आणि त्याच्या नर्सरीचं नाव अमेझॉन होतं, तेच झाडाला दिलं. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला. आपल्यासारखाच नर्सरीवाला.

मामाजींनी आज विचारलं की त्या पट्ट्या उरल्या का. ६० दिल्या. ते कलमांच्या वाफ्यात खुंटाचं नाव लिहून राहिले, जंभेरी, रंगपूर, जंभेरी. त्यांचं अक्षर मोठं आहे, एका पट्टीत एकच शब्द मावतो.

२९ सप्टेंबर

पांढऱ्या पोथॉसचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. मार्बल क्वीन, स्नो क्वीन, एन्जॉय, पर्ल्स अँड जेड, मंजुळा. ३१ कुंड्या, त्यातल्या निम्म्यांवर नुसतं 'व्हाइट मनीप्लांट'.

एन्जॉयच्या पानात पांढरा आणि हिरवा वेगवेगळे, ठळक तुकड्यांत, शिंतोडे नाहीत. पर्ल्स अँड जेड तसंच दिसतं पण पांढऱ्या भागावर हिरवे-राखाडी ठिपके उडालेले असतात, ते फ्लोरिडा विद्यापीठानं काढलेलं. मंजुळाचं पान रुंद, कडा लाटेसारख्या, पान सपाट बसतच नाही, आणि त्यात हिरवा, दुधी, चांदी असे सगळे रंग एकात एक मिसळलेले. मंजुळा आपल्या भारतातलीच आहे, पेटंटवर तिचं नाव हंसोटी१४. इतके दिवस मी लोकांना इम्पोर्टेड आहे म्हणून सांगत होते, आता पहिलं वाक्य तेच सांगते की हे इथलं आहे.

मार्बल आणि स्नो यांच्यात मात्र फक्त पांढऱ्याचं प्रमाण. स्नोला कमी उजेडात ठेवलं तर नवीन पानं हिरवी व्हायला लागतात, आणि मार्बलचीच एखादी पांढरी फांदी कापून लावली तर ती स्नोसारखी दिसते. १२ कुंड्या मी एक महिना नेटच्या पूर्वेच्या बाजूला, सकाळच्या उजेडात ठेवल्या होत्या, आज नवीन पानं पाहून ७ ठरवल्या. बाकी ५ 'नक्की नाही'.

दुपारी वरुडकडचा एक मुलगा आला, कॉलेजचा, त्याला स्नो क्वीनच पाहिजे होती. 'नक्की नाही' वाली सगळ्यात पांढरी होती, तीच त्यानं उचलली. मी सांगितलं की ही स्नो म्हणून देणार नाही, पाहिजे तर अशीच घे, ८० रुपये कमी दे. तो टॅगकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "ताई, असं लिहिलेलं पहिल्यांदा पाहिलं." मग त्यानं तीच घेतली आणि सोबत नाव ठरलेली एक मार्बलही.

१२ ऑक्टोबर, दसरा

आज सगळ्या कुंड्यांना आणि खुरपी-कात्रीला हळदकुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली, मग शेवटची मोजणी.

विकलेल्या धरून २०३ पैकी ११८ टॅग आधीपासून बरोबर होते. ६४ बदलले. २१ वर अजून 'नक्की नाही'.

बदललेल्यांपैकी ज्यांचे तुकडे मी आधी विकले होते त्या १७ जणांची यादी वहीतून काढली आणि रोज दोन-तीन जणांना फोन करते आहे. पाच जणांना पैसे परत केले. दोघांनी नको म्हटलं. एका आजींनी, परतवाड्याच्या, विचारलं की नाव बदललं म्हणजे झाड काढून टाकायचं का, त्यांना वाटलं काही दोष निघाला. त्यांना १५ मिनिटं समजावलं की झाड तेच आहे, पाणी तसंच द्या.

२१ मधलं एक अँथुरियम आहे, मोठं मखमली पान, पांढऱ्या शिरा, क्रिस्टलिनम म्हणून आलेलं. क्लॅरिनर्व्हियम नाही हे पक्कं, त्याचं पान पुठ्ठ्यासारखं टणक आणि गोलसर असतं. राहिलं क्रिस्टलिनम की मॅग्निफिकम. मॅग्निफिकमच्या देठाला कडा असतात, चौकोनी लागतो, क्रिस्टलिनमचा गोल. जुन्या दोन पानांचे देठ मला धड गोल वाटेनात धड चौकोनी, कदाचित संकरही असेल, या दोघांचे संकर बाजारात खूप फिरतात. नवीन पान निघालं आहे, अजून तांबूस आणि मऊ, देठ वाढतोच आहे. आज त्याला हात लावला नाही. दिवाळीनंतर देठ टणक झाला की डोळे मिटून बोटात फिरवून पाहणार, तोपर्यंत पेन्सिलचाच टॅग.